पसरणी घाटातले काळे झेंडे

वाई सोडून पाचगणीच्या रस्त्याला लागलं की पसरणी घाट सुरू होतो. एसटी दम टाकत चढते. प्रत्येक वळणावर खालचं वाईचं खोरं थोडं अधिक उघडं होत जातं, उसाचे पट्टे, कृष्णेची रेघ, पलीकडे धोम धरणाचं पाणी. धरण नंतरचं. ३० नोव्हेंबर १९५७ला ते नव्हतं, पण घाट हाच होता. त्या दिवशी या रस्त्याच्या कडेला हजारो माणसं काळे झेंडे घेऊन उभी होती आणि मधून पंतप्रधान नेहरूंची गाडी प्रतापगडाकडे गेली. झेंडे फडकले, घोषणा झाल्या. गोळीबार झाला नाही.

त्या गर्दीत माझे आजोबा होते. कोरेगाव तालुक्यातून चार गड्यांसोबत आले होते, फडक्यात भाकरी बांधून. काळं कापड विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून त्यांनी मोडक्या छत्रीचं कापड काढून काठीला बांधलं होतं. गाडी समोर आली तेव्हा झेंडा वर केला आणि दुसरा हात आपोआप कपाळाला गेला, असं ते सांगायचे. नमस्कार का केला, असं मी लहानपणी विचारलं होतं. “अरे, पंडितजी होते ते,” एवढंच उत्तर मिळालं. त्यांना त्यात काही विसंगत वाटत नव्हतं.

गेली काही वर्षं मी कार्यकर्त्यांच्या शिबिरांत संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातलं, म्हणजे मुंबईसह मराठी भाषिकांचं एक राज्य मागणाऱ्या आंदोलनातलं, हे प्रकरण मांडतो. समोर वेगवेगळ्या पक्षांची मुलं-मुली असतात. २०२४च्या दोन निवडणुकांनंतर त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरात बोलणं बंद आहे. सख्ख्या चुलत्याच्या लग्नकार्याला न जाणारे आहेत. त्यांचा पहिला आक्षेप ठरलेला असतो : “सर, तेव्हाची माणसं वेगळी होती. तेव्हा एवढा द्वेष नव्हता.” हा आक्षेप खरा असता तर प्रकरणात शिकण्यासारखं काही उरलं नसतं. म्हणून सुरुवात रागापासूनच करावी लागते.

राग किती होता

भाषावार प्रांतरचना काँग्रेसने स्वातंत्र्याआधीच मान्य केली होती. पण राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ साली आला तेव्हा त्यात मराठी माणसाला गुजरातसह द्विभाषिक मुंबई राज्य देऊ केलं होतं आणि विदर्भ वेगळा ठेवला होता. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही, या एका प्रश्नावर सगळं पेटलं. २० नोव्हेंबर १९५५ला चौपाटीवरच्या सभेत मुंबईतले काँग्रेस नेते स. का. पाटील म्हणाले की पाच हजार वर्षांतही मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. मुख्यमंत्री मोरारजी देसाई त्याच व्यासपीठावर होते आणि तेही त्याच सुरात बोलले. लोकांनी सभा उधळली. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनला मोर्चावर गोळीबार झाला, पंधरा माणसं गेली. १६ जानेवारी १९५६ला नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली आणि शहर रस्त्यावर आलं. पुन्हा गोळीबार झाले. गुजराती माणसांच्या दुकानांवर दगड पडले, लूटही झाली. आंदोलनातल्या हुतात्म्यांची संख्या १०५ झाली. पुढे त्या यादीत आणखी नावं जोडली गेली.

पंधरा दिवसांत नाही, तर एका दिवसात पंधरा माणसं. शिबिरात मी इथे थांबतो. आजचा आपला राग बहुतेक वेळा कुणीतरी कुणाला काहीतरी म्हटल्याचा असतो. तो राग माणसं मेल्याचा होता.

या सगळ्यात यशवंतराव चव्हाण कुठे होते? काँग्रेसमध्ये, आणि तेही पक्षाची शिस्त न मोडता. फलटणला त्यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंना निवडू. हे वाक्य महाराष्ट्राने वर्षानुवर्षं विसरलं नाही. त्यांना सूर्याजी पिसाळ म्हटलं गेलं. रायगड फितुरीने शत्रूच्या हाती देणारा म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, तो. मराठी माणसाच्या तोंडी याहून मोठी शिवी नाही. १५ नोव्हेंबर १९५६ला आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ सुरू झाला आणि त्या लेखणीचा मारा रोज सकाळी दारात येऊन पडू लागला. त्याच महिन्याच्या १ तारखेला मुंबई, विदर्भ, गुजरात सगळं एकत्र असलेलं विशाल द्विभाषिक राज्य अस्तित्वात आलं होतं आणि यशवंतराव त्याचे मुख्यमंत्री झाले होते. म्हणजे ज्या राज्याला लोकांचा विरोध होता, त्या राज्याचं तोंड तेच होते.

समितीच्या पोटातला समेट

आपण हे प्रकरण ‘काँग्रेस विरुद्ध संयुक्त महाराष्ट्र समिती’ असं वाचतो. पण राग बाजूला ठेवण्याचं पहिलं काम समितीच्या आतच झालं होतं, आणि मला ते जास्त अवघड वाटतं.

६ फेब्रुवारी १९५६ला पुण्यात केशवराव जेध्यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. कोण होतं तिच्यात? एस. एम. जोशी, ना. ग. गोरे हे समाजवादी. डांगे, मिरजकर हे कम्युनिस्ट. १९४२च्या लढ्यात समाजवादी भूमिगत होते आणि कम्युनिस्टांनी त्याच वेळी महायुद्धाला लोकयुद्ध म्हणून पाठिंबा दिला होता. तो घाव साध्या मतभेदाचा नव्हता; एकाने तुरुंग भोगला आणि दुसऱ्याने त्या लढ्यापासून अंग राखलं, अशी समाजवाद्यांची भावना होती. शेतकरी कामगार पक्ष होता, ज्याची मुळं ब्राह्मणेतर चळवळीत. दादासाहेब गायकवाड आणि आंबेडकरांचं शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन होतं, ज्यांच्या वस्त्यांचं पाणी गावातल्या वरच्या जातींनीच तोडलेलं होतं. हिंदू महासभा होती, जनसंघही होता. प्रबोधनकार ठाकरे आणि अत्रे यांनी तर एकमेकांवर पूर्वी यथेच्छ शाई उडवली होती.

ही माणसं एका सतरंजीवर बसली ती एकमेकांवर प्रेम जडलं म्हणून नाही. त्यांनी एक साधी गोष्ट केली : मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हा एक मुद्दा उचलला आणि बाकीचे सगळे मुद्दे ज्याच्या त्याच्या घरी ठेवले. कुणाला आपला इतिहास चुकला असं कबूल करावं लागलं नाही. ‘आधी बेचाळीसबद्दल माफी माग, मग बोलू,’ असं एस. एम. म्हणाले असते तर समिती पहिल्या बैठकीतच मोडली असती.

आपल्याकडे समेटाची कल्पना फार गोड करून टाकली आहे. गळाभेट झाली पाहिजे, डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. समितीत असं काही झालेलं नव्हतं. अविश्वास शेवटपर्यंत होता, आणि तरी काम झालं.

कराडची निवडणूक आणि त्यानंतर

१९५७च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा धुव्वा उडाला. डांगे, नाना पाटील, गोरे लोकसभेवर गेले, एस. एम. आणि अत्रे विधानसभेत आले. काँग्रेसचं सरकार टिकलं ते गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या जागांवर. खुद्द यशवंतराव कराडमधून अगदी थोडक्या मतांनी निवडून आले.

सातारा जिल्ह्यातून लोकसभेवर गेलेले क्रांतिसिंह नाना पाटील आणि कराडमधून जेमतेम वाचलेले यशवंतराव, दोघंही बेचाळीसच्या साताऱ्यातले भूमिगत. एकाच पोलिसांना चुकवत, एकाच मुलखातल्या उसाच्या फडांत ज्यांनी रात्री काढल्या, ते आता समोरासमोर होते. राजकारणात सगळ्यात कडवट राग अशाच ठिकाणी असतो, जिथे कधीतरी एक ताट होतं.

निकालानंतर यशवंतरावांना दोन वाटा होत्या. बहुमत आपलं आहे, बाकीच्यांनी गप्प बसावं, ही एक. दुसरी म्हणजे मतपेटीतून आलेला राग हा खोटा प्रचार नसून लोकांचं म्हणणं आहे असं धरून चालणं. ते दुसऱ्या वाटेने गेले. द्विभाषिक प्रामाणिकपणे चालवायचं, पण ते चालत नसेल तर तसं दिल्लीला सांगायचं. विधानसभेत समोर बसलेल्या माणसांना शत्रू न मानता त्यांचं ऐकायचं.

प्रतापगड

आणि मग नोव्हेंबरमध्ये प्रतापगड आला.

शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं गडावर अनावरण, हस्ते पंडित नेहरू. समितीच्या दृष्टीने ही जखमेवरची मिठाची चिमूट होती. नेहरूंनी पूर्वी आपल्या इतिहासलेखनात महाराजांविषयी जे लिहिलं होतं त्याचा सल महाराष्ट्रात होताच. त्यात महाराजांचा मुलूख तोडून ठेवणाऱ्या माणसाने महाराजांचा पुतळा उघडायचा? समितीने वाटेवर निदर्शनांची हाक दिली. पुण्याहून वाईमार्गे पसरणी घाट चढून पाहुणे येणार होते, त्या रस्त्यावर. गडाच्या पलीकडच्या अंगाला पोलादपूरकडेही माणसं जमली.

यशवंतरावांच्या जागी स्वतःला ठेवून बघा, असं मी शिबिरात सांगतो. पंतप्रधान तुमचे दैवत. पाहुणचार तुमच्या घरचा, तुमच्या जिल्ह्यातला. ज्या माणसांनी तुम्हाला पिसाळ म्हटलं तीच माणसं त्या दैवतासमोर काळे झेंडे नाचवणार. घाटरस्ता अरुंद, एका बाजूला कडा, एका बाजूला दरी. कुणी एक दगड भिरकावला तर? हातात गृहखातं आहे, पोलीस आहेत. आदल्या रात्री नेते उचलले, जमावबंदी लावली, तर कायद्याने कुणी काही म्हणू शकणार नाही. दोन वर्षांपूर्वीच्या सरकारने नेमकं तेच केलं असतं.

मुलं पटापट उत्तरं देतात. बहुतेकांचं उत्तर अटक हेच असतं. काही जण कार्यक्रम पुढे ढकला म्हणतात.

निदर्शनं होऊ देण्यात आली. समितीने शांततेचा शब्द दिला होता आणि तो पाळण्याची जबाबदारी एस. एम. जोशींसारख्या नेत्यांवर होती. लोक रस्त्याच्या कडेने उभे राहिले. नेहरूंनी जाताना ते मैलोन्‌मैल पाहिले. घोषणा कानांवर पडल्या, काळे झेंडे दिसले. पुतळ्याचं अनावरण झालं.

एका शिबिरात एका मुलाने विचारलं, “मग एसेम विकले गेले असं कुणी म्हटलं नाही का?” मला त्या प्रश्नाचा आनंद झाला, कारण प्रकरणाचा गाभा तिथेच आहे. समोरच्यावरचा राग आवरणं ही अर्धीच गोष्ट. तो आवरताना आपल्याच माणसांचा राग अंगावर घ्यावा लागतो, आणि तो जास्त भाजतो. ज्यांच्या घरचं माणूस गोळीला बळी पडलं आहे, अशा लोकांना ‘हात खाली ठेवा, फक्त झेंडा वर करा’ असं सांगायला फार मोठी पुण्याई गाठीशी लागते. एस. एम. यांच्याकडे ती होती. त्यांनी कधी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. दुसऱ्या बाजूला यशवंतरावांवरही त्यांच्याच पक्षाची नजर होती. मोरारजी आता दिल्लीत मंत्री होते. घाटात काही बरंवाईट झालं असतं तर ‘मुख्यमंत्री समितीला सामील होता’ असं म्हणायला माणसं तयारच होती.

दोघांनी आपापल्या मागच्यांची हमी घेतली. आणि दोघांनीही आपली भूमिका तसूभर सोडली नाही. एस. एम. यांचं राज्य मागणं थांबलं नाही, यशवंतरावांनी पक्ष सोडला नाही. सोडला तो फक्त समोरच्याला खाली पाडायचा हट्ट.

समजा घाटात गोळीबार झाला असता. आणखी दहा हुतात्मे, आणखी एक स्मारक, आणि राज्य कदाचित आणखी दहा वर्षं लांब. झालं ते असं की ज्या माणसाच्या हातात निर्णय होता त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं : हे मूठभर चिथावलेले लोक नाहीत, हा अख्खा मुलूख आहे, आणि तो शिस्तीत उभा आहे. माझे आजोबा छत्रीच्या कापडाचा झेंडा घेऊन त्या पाहण्याचा एक भाग झाले.

दिल्लीपर्यंत

यानंतरची अडीच वर्षं मी शिबिरात भराभर सांगतो, कारण ती पडद्यामागच्या समजावणीची आहेत. मुंबई महापालिका समितीकडे गेली, १९५८मध्ये मिरजकर महापौर झाले. गुजरातेत इंदुलाल याज्ञिकांचं महागुजरात आंदोलन चालूच होतं. तिथेही अहमदाबादला ऑगस्ट १९५६मध्ये गोळ्या चालल्या होत्या. म्हणजे द्विभाषिक दोन्ही बाजूंना नको होतं. यशवंतराव दिल्लीत सांगत राहिले की राज्यकारभार चालतोय, पण मनं जुळत नाहीत. १९५९मध्ये इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्ष होत्या, त्यांनी विभाजनाच्या बाजूने कौल दिला आणि वर्षअखेरीस काँग्रेसने निर्णय घेतला.

या काळातला एक प्रसंग मात्र सोडवत नाही. राज्य येणार हे दिसू लागल्यावर ‘तरुण भारत’चे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर यांनी विचारलं की हे राज्य मराठी असणार की मराठा? प्रश्नात संशय होता आणि तो थेट यशवंतरावांच्या जातीवर होता. संतापायला यापेक्षा चांगलं निमित्त मिळणार नाही. यशवंतराव संतापले नाहीत. प्रश्नामागे भीती आहे असं धरून त्यांनी उत्तर दिलं की हे राज्य मराठी भाषिकांचं असेल. महार वतनांचा, म्हणजे गावकीच्या सेवेच्या बदल्यात मिळणाऱ्या जमिनींचा, प्रश्नही याच काळात मार्गी लागला. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८पासून ज्याची मागणी केली, तो कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा १९५८चा. दादासाहेब गायकवाड विरोधी बाकावरचे असले तरी त्यांच्या लोकांची मागणी न्याय्य होती, एवढं पुरेसं मानलं गेलं.

१ मे १९६०ला राज्य झालं. नव्या राज्याचं नाव आधी ‘मुंबई’ ठेवायचं घाटत होतं, ते ‘महाराष्ट्र’ झालं. तारीख कामगारदिनाची. मंगलकलश यशवंतरावांच्या हातून आला असं म्हणतात, आणि आणला समितीने असंही म्हणतात. दोन्ही खरं आहे.

जे सुटलं नाही

हे प्रकरण मी यशोगाथा म्हणून सांगत नाही. डांग गुजरातेत गेला, उंबरगावचा भाग गेला, आणि गुजरातला नव्या राजधानीसाठी व तूट भरून काढण्यासाठी पैसे द्यावे लागले. समितीतल्या अनेकांना हा सौदा वाटला आणि ते तसं बोलले. बेळगाव, कारवार, निपाणीचा मराठी माणूस बाहेर राहिला. तो आजही १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतो. त्याला ‘राग सोड’ असं सांगायचा अधिकार मला नाही, कारण त्याचं काम झालेलंच नाही. राज्य मिळाल्यावर समिती फुटली. जो मुद्दा एकत्र ठेवत होता तो संपला आणि घरी ठेवलेले मुद्दे बाहेर आले. काही जण याला अपयश म्हणतात. मला तसं वाटत नाही. सतरंजी एका कामासाठी घातली होती, काम झाल्यावर ती गुंडाळली.

मोरारजींना मात्र महाराष्ट्राने माफ केलं नाही. पंतप्रधान झाल्यावरही जुन्या माणसांच्या तोंडी त्यांचं नाव त्या पंधरा माणसांसोबतच यायचं. यशवंतरावांना केलं. दोघं एकाच पक्षाचे, एकाच सरकारातले होते, मग फरक कशाने पडला? माझं मत असं की एकाने लोकांचा राग हा गुन्हा मानला आणि दुसऱ्याने ती तक्रार मानली. शिबिरात यावर वाद होतात. काही मुलं म्हणतात, यशवंतरावांनी वारं ओळखलं, एवढंच. असेलही. पण वारं ओळखूनही पाठ फिरवणारे खूप असतात.

फ्लोरा फाउंटनच्या जागेला आता हुतात्मा चौक म्हणतात. तिथल्या स्मारकावर एक कामगार आणि एक शेतकरी मिळून एकच मशाल धरून उभे आहेत. चर्चगेटकडे धावणारी गर्दी बाजूने जाते. मी दर वेळी दोन मिनिटं थांबतो आणि त्या दोघांच्या हातांकडे बघतो.

चीनच्या युद्धात देश हादरला आणि यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्यांनी सूत्रं हाती घेतली तो दिवस होता २१ नोव्हेंबर १९६२, फ्लोरा फाउंटनच्या गोळीबाराला बरोबर सात वर्षं झाली होती. मंत्री राहायचं तर संसदेत निवडून येणं भाग होतं. १९६३मध्ये नाशिकला लोकसभेची पोटनिवडणूक लागली. १९५७ला याच माणसाला घरच्या कराडमध्ये जेमतेम विजय मिळाला होता. नाशिकला विरोधकांनी उमेदवारच ठेवला नाही. यशवंतराव बिनविरोध निवडून आले.

आजोबांचं कसलंच मत त्यांच्या मतदारसंघात नव्हतं. तरी त्या बातमीचं कात्रण त्यांनी जपून ठेवलं होतं, ज्या पत्र्याच्या पेटीत छत्रीचं ते काळं कापड होतं, तिच्यातच.